डावा गाल

तिला घरात शीबाई म्हणत. नाव आत्यानं ठेवलेलं, आणि ते तिला इतकं चपखल बसलं होतं की खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. दुधावर साय दिसली की शी. मोरीच्या जाळीत केस अडकलेले दिसले की ई. ओल्या पायपुसण्यावर अनवाणी पाय पडला की दोन्ही, आणि वर एका पायावर उडी. ही पोर 'आई'च्या आधी 'शी' म्हणायला शिकली, असं तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

आणि अशा पोरीच्या नशिबी काय यावं, तर नववीत चित्रकलेचे ते सर!

माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला बोला. शिकवायचेही जीव तोडून. पण स्वच्छता नावाची गोष्ट त्यांच्या गावीही नव्हती. ब्रशला टोक काढायचं झालं की तो सरळ ओठांत धरायचे. निळ्यातला ब्रश तोंडात, तोंडातला पुन्हा निळ्यात, आणि मग तोच घेऊन 'बघू, बघू' करत बाकाबाकावरून फिरायचे नि ज्याच्या-त्याच्या चित्रावरून हात फिरवायचे. मुलं खूश, कारण सरांचा हात लागला की गुण वाढत. शीबाईला मात्र आपल्या चित्रातल्या आकाशाकडे बघवत नसे. त्या आकाशात सरांची थुंकी होती, ती कशी विसरणार?

मातीकामाचं घमेलं तर विचारूच नका. अख्ख्या वर्गाचे हात त्या एका मातीत. मळताना कधी केस निघे, कधी पेन्सिलीचं साल, आणि एकदा तर कुणाच्या तरी बोटाच्या जखमेवरची वापरलेली चिकटपट्टी निघाली. शीबाईनं त्या दिवशी डबा खाल्ला नाही. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे लगद्याची बादली. रद्दी भिजत घातली होती, तेवढ्यात सुट्टी लागली आणि सगळे विसरले. शाळा उघडल्यावर झाकण काढलं तर आतून असा भपकारा आला की पहिल्या तीन रांगा नाक धरून बाहेर पळाल्या. सर मात्र बादलीत कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून म्हणाले, "वा! काय मुरलाय!"

मग शीबाईनं आपल्या परीनं मार्ग काढला. दोन्ही हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या, मनगटाला रबरबँड. जिथं पिशवीनं जमत नाही तिथं चमचा, आइस्क्रीमच्या काड्या, जुना ब्रश. शेजारी बसणारी मैत्रीण, तिला सगळे चष्मीस म्हणत, ती एकदा म्हणाली, "तू पेरू करतेयस की पेरूचं ऑपरेशन?" पेरू चमच्यानं केल्यासारखाच दिसत होता, कारण तो चमच्यानंच केला होता. सरांनी तो उचलला, उलटा केला, परत ठेवला आणि म्हणाले, "बाळा, तू अजून याला भेटलीच नाहीस."

भेटायचंय कुणाला, ती मनात म्हणाली.

वर्षाच्या शेवटी प्रदर्शन असे, आणि त्यासाठी या खेपेला सरांनी मुखवटे काढले. म्हणजे असं की घरातल्या कुणाच्या तरी चेहऱ्याचा साचा घ्यायचा. हाड मोडल्यावर दवाखान्यात घालतात ना, ती प्लास्टरची पट्टी. तिचे तुकडे पाण्यात बुडवून चेहऱ्यावर एकावर एक बसवायचे, कडक झाले की अख्खा साचा अलगद उचलायचा. मग शाळेत आणून साच्याच्या आतून कागद नि खळ चढवायची, वाळली की मुखवटा तयार.

"आधी चेहऱ्याला सगळीकडे व्हॅसलीन चोळा," सरांनी बजावलं, "नाहीतर साच्याबरोबर भुवयाही येतील. आणि नीट ऐका. काम बोटांचं आहे. ब्रश नाही, चमचा नाही, आणि पिशवी तर मुळीच नाही." वर्ग खिदळला. सगळ्यांनी मागं वळून कुणाकडे पाहिलं ते सांगायला नको. "पट्टी प्रत्येक सुरकुतीत, प्रत्येक खळगीत बोटानं दाबायची. जिथं दाबणार नाही तिथं चेहरा येणार नाही. तिथं नुसतं प्लास्टर येईल."

घरी जेवताना तिनं विषय काढला.

"माझा नको बाई," आई म्हणाली. "तोंड झाकलं की जीव घाबरा होतो. मी लिफ्टमध्येसुद्धा चढत नाही."

बाबांनी मिशीवर हात ठेवला. "आणि ही साच्यात अडकून आली तर? ऑफिसात काय सांगू, मुलीनं उपटली?"

"माझा घे," आत्या म्हणाली. "मला मिशी नाही, आणि गुदमरायची तर सवयच आहे. जन्म वाफेत गेला माझा."

आई ताटात बघायला लागली, बाबा पाण्याचा तांब्या शोधायला लागले, तो समोरच होता.

आता हे नीट सांगायला हवं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, घराच्या पुढच्या खोलीत तिचं इस्त्रीचं दुकान. दुकान आधी आजोबांचं, तेव्हा तिथं कपडे धुवून कांजी करायचे. आत्या शीबाईएवढी असताना उकळत्या कांजीचं पातेलं कलंडलं आणि तिच्या डाव्या गालावर आलं. कांजी ती, पाण्यासारखी ओघळून जात नाही, चिकटून बसते. कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत कातडी ओढली गेली. काही ठिकाणी चकचकीत, काही ठिकाणी दोरीसारखी उचललेली, मध्ये मध्ये चुण्या. इस्त्रीचं टेबल तिनं असं लावलं होतं की दारातून गिऱ्हाईकाला उजवीच बाजू दिसावी. घरातल्या एकूण एक फोटोत ती डावीकडच्या कुणाशी तरी बोलत असल्यासारखी उभी आहे. यावर घरात कुणी चकार शब्द काढत नसे.

आणि 'शीबाई' हे नाव सायीवरून पडलं, असं जे सांगतात ना, ते साफ खोटं. पोर रांगत होती तेव्हा आत्यानं तिला उचललं, पोरीचा हात त्या गालावर पडला, आणि ती म्हणाली, "शी." आयुष्यातली पहिली. आत्या एवढी हसली म्हणता, एवढी हसली, की बाकीच्यांनाही हसावंच लागलं. "आली माझी शीबाई!" म्हणाली. तेव्हापासून ती पोरीला कायम उजव्या खांद्यावर घ्यायची. शीबाईला हे सगळं ऐकून ठाऊक होतं, आणि आठवलं की ती दुसरं काहीतरी आठवायला लागायची.

"खरंच घेऊ तुझा?" तिनं विचारलं.

"घे की. आरशात मला मी उलटी दिसते. फोटोत मी येत नाही. लोक बघतात, पण काय दिसलं ते तोंडावर कोण सांगतंय? एकदा हातात धरून बघायचंय मला माझं तोंड." आत्यानं भाताचा ढीग सारखा केला. "पण एक हं. जसं आहे तसं यायला पाहिजे. उगाच लाड नकोत."

"येईल," शीबाई म्हणाली.

रविवारी दुपारी आत्यानं दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि इस्त्रीच्या टेबलावर, घोंगडीवर, पाय लांब करून आडवी झाली. डोक्याला जुना टॉवेल गुंडाळला. "आता इस्त्री कर मला. बाह्यांची घडी नीट घाल." तोंडाची टकळी सुरूच. कोणत्या गिऱ्हाइकाच्या खिशात काय निघालं, कोण साध्या चोळामोळा झालेल्या शर्टाला रेशमी म्हणून नाचतं. "आणि नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेव गं, नाहीतर प्रदर्शनात मलाच मांडावं लागेल."

शीबाईनं दात आवळून व्हॅसलीनच्या डबीत दोन बोटं घातली. कोमट, बुळबुळीत. तिनं श्वास रोखला आणि कपाळ केलं. भुवया केल्या. नाक केलं, नाकाशेजारचा तीळ केला, उजवा गाल केला, हनुवटी केली. हे एवढं बोटांनी करणं म्हणजे तिच्या लेखी पराक्रमच होता. मग ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली.

जवळून तिनं तो गाल कधी पाहिला नव्हता. उजेडात तो चकाकत होता. तिनं बोट पुढं केलं. ते गालापासून इतकंसं अंतर ठेवून थांबलं, आणि पुढं म्हणून जाईना. घशाशी आलं तिच्या. अगदी खरं सांगायचं तर मातीतली चिकटपट्टी बघून आलं होतं तसंच आलं. आपल्या आत्याचा गाल, आणि तसंच!

तिनं पिशवीतून रुंद ब्रश काढला. पिशवीचा आवाज होऊ नये म्हणून दोन बोटांनी हळूच उघडली, त्यावरून काय ते समजा. ब्रश डबीत बुडवला आणि डाव्या गालावरून भिंत रंगवावी तसा फिरवला.

आत्याची टकळी थांबली. शर्टाची गोष्ट अर्धीच राहिली. आता ओठांवर पट्टी येणार म्हणून गप्प झाली असेल, असं शीबाईला वाटलं. वाटून घेतलं म्हणा.

उजवीकडच्या पट्ट्या तिनं बोटांनी दाबल्या, सरांनी सांगितल्यासारख्या. डावीकडे नुसत्या ठेवल्या, ब्रशानं वरवर थापटल्या, आणि चांगल्या जाड बसाव्यात म्हणून दोन थर जास्तीचे दिले. साचा सुटून आला तेव्हा आत्या उठून बसली, स्वतःच तोंड पुसलं आणि म्हणाली, "दिसतंय का काही आत?"

"आता नाही कळत. मुखवटा झाल्यावर."

"बरं," आत्या म्हणाली आणि इस्त्री लावायला गेली.

शाळेत खळ आंबली होती. त्या आंबट वासात, नाकाला रुमाल बांधून, शीबाईनं साच्यात कागद चढवले. वाळल्यावर मुखवटा साच्यातून सुटला आणि तिनं तो फिरवला. उजवी बाजू बघून ती चरकलीच. आत्याच होती. तीळ, डोळ्याखालची पिशवी, हसून हसून पडलेली ओठाकडची रेघ, सगळं. आणि डावीकडे काहीच नव्हतं. गुळगुळीत, भरलेला, पांढराशुभ्र गाल. जगात कुणाचाच नसलेला.

"अरे वा!" सरांनी तो हिसकावलाच. ओठांतला ब्रश काढून त्याच्या दांड्यानं दाखवत ते वर्गाला म्हणाले, "बघा रे! एक बाजू आयुष्य जगलेली, एक बाजू शांत. कोण आहे ही?"

"आत्या."

"भाग्यवान आहे तुझी आत्या."

सांगायची वेळ ती होती. दोन शब्द पुरले असते. पण शीबाईला काय झालं, तर हायसं झालं. बरंच की, तिनं स्वतःला समजावलं, आत्यालाही बरंच वाटेल, गाल भरून आला म्हणून. स्वतःची कातडी वाचवायची असली की माणूस दुसऱ्याच्या भल्याचा किती पटकन विचार करायला लागतो! मला तर त्या लगद्याच्या बादलीपेक्षा या विचाराचाच वास जास्त येतो.

प्रदर्शनाच्या दिवशी आत्यानं चक्क दुकान बंद ठेवलं. ठेवणीतले कपडे काढले, स्वतःच्या हातानं कडक इस्त्री केली. आणि ती खोलीतून बाहेर आली तेव्हा आई बघतच राहिली. आत्यानं केस मागं घट्ट ओढून बांधले होते. एरवी डावीकडे सोडलेली बट नव्हती. दोन्ही गाल उघडे.

"असं काय बघता?" आत्या म्हणाली. "आज तिकडं टेबलावर मांडलंच आहे ना सगळं. मग झाकायचं कुणापासून?"

शीबाई मागोमाग निघाली. वाटेत तिनं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं.

शाळेच्या सभागृहात ताज्या रंगाचा वास, घामेजलेली गर्दी, चहाचे कागदी पेले मुखवट्यांच्या शेजारीच ठेवलेले. शीबाईचा मुखवटा सगळ्यांत पुढं होता. खाली पाटी, 'माझी आत्या', आणि बाजूला पहिल्या क्रमांकाचं कार्ड. आत्या गर्दीतून वाट काढत पुढं गेली आणि समोर उभी राहिली. मागून शीबाईला तिची पाठ तेवढी दिसत होती. ती पाठ बराच वेळ हलली नाही.

चष्मीसची आई शेजारीच होती. तिनं मुखवट्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, परत मुखवट्याकडे पाहिलं. बाईला सांभाळून घ्यायचं होतं, हे दिसतच होतं.

"तुमच्या बहिणीचा का हो?" तिनं विचारलं. "तोंडवळा सारखा वाटतो."

"हो," आत्या म्हणाली. "बहिणीचा."

"देखणी आहे हो."

"आहे खरी."

तेवढ्यात सर आले. त्यांनी आत्याला पाहिलं, मुखवटा पाहिला, आणि मग सावकाश मान वळवून शीबाईच्या हातांकडे पाहिलं. आणि दुसऱ्या टेबलाकडे निघून गेले. आत्यानं डोक्यामागं हात नेला, केसांचा चाप काढला आणि बट डाव्या गालावर ओढून घेतली.

परत येताना ती नेहमीसारखी बोलत होती. त्या उंच मुलानं आजोबांचा मुखवटा केलाय, कान केवढे आलेत बाई. चहा पुळचट होता. सभागृहाचे पडदे कधी धुतलेत देव जाणे, माझ्याकडे टाकले असते तर. घराची गल्ली आली तेव्हा ती थोडी थांबली, चपलेत आलेला खडा झटकला, आणि खाली बघतच म्हणाली, "ब्रश गार होता गं."

बस्स, एवढंच. राग नाही, रुसवा नाही. हवा गार आहे म्हणावं तसं.

शीबाई घरात गेली ती थेट मोरीवर. साबण लावून हात धुतले, परत धुतले. आजवर तिला कशाकशाची किळस आली होती, सायीची, केसांची, सरांच्या थुंकीची, त्या कुजक्या बादलीची. पण नळाखाली आपलेच हात धरून उभं राहावं आणि ते आपल्याला नकोसे व्हावेत, हे पहिल्यांदाच होत होतं. साबणानं ते जाईना. आई दारातून "किती पाणी घालवशील?" म्हणून ओरडली तेव्हा कुठं तिनं नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती औषधाच्या दुकानात गेली आणि प्लास्टरची पट्टी घेऊन आली. आत्या कुणाच्या तरी पँटवर इस्त्री फिरवत होती.

"आत्या, टेबल मोकळं कर. झोप."

"आता कशाला? झालं की प्रदर्शन."

"प्रदर्शन गेलं खड्ड्यात. झोप."

आत्यानं इस्त्री उभी केली. पट्टी काखेत धरून उभ्या पोरीच्या एका हातातली व्हॅसलीनची डबी पाहिली, दुसरा हात पाहिला. तो रिकामा होता, ब्रश नव्हता. "राहू दे शीबाई," ती म्हणाली, आणि ते समजुतीनंच म्हणाली. "तुला शी वाटतं."

"वाटतं," शीबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ताठ होता.

"मग?"

"मग काय? वाटू दे."

आत्यानं पँट बाजूला सारली. मग तिनं दार लोटलं, घोंगडी झटकली आणि आडवी झाली. डोळे मिटले. या वेळी शीबाई आधी डाव्या बाजूलाच गेली. डबीत बोटं घातली, आणि ती गालावर ठेवली.

किळस आली का? आली. ती खोटं बोलली नाही, मग मी तरी कशाला बोलू? दोरीसारखा वळ बोटाखाली सरकला. पण गाल गरम होता. दुसऱ्या गालाइतकाच. तिनं बोटं तशीच ठेवली आणि चुणी न् चुणी चोळत कानापासून ओठापर्यंत आली. मग ओली पट्टी ठेवली आणि दाबली. एका खळगीत, मग दुसऱ्या, मग वळाच्या अल्याड, पल्याड. वेळ लागत होता, लागू दे. मिटलेल्या पापणीच्या कोपऱ्यातून आत्याच्या कानाकडे पाणी ओघळलं, ते तिनं टॉवेलानं टिपलं.

"तो शर्टवाला, त्या दिवशी सांगत होते बघ," आत्या एकदम म्हणाली. "रेशमी म्हणून नाचत होता, आणि कॉलर बघितलीस तर असली मळकट, असली मळकट—"

बोलता बोलता गाल बोटांखाली हलायला लागला.

"आत्या, गप्प बस," शीबाई म्हणाली. "साचा बिघडेल."